नाव एक, माल दोन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी ग्राहकाच्या हक्कासाठी आयुष्य वेचलं. काटा मारून केलेलं वजन, डाळीतली भेसळ, रेशनच्या रांगेतली अडवणूक, या प्रश्नांवर ते झगडले. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करून मी त्याच प्रश्नाचं आजचं रूप आपल्यापुढे मांडणार आहे. आज काटा चोख असतो. वेष्टनावर छापलेलं वजन बरोबर भरतं. नाव जगप्रसिद्ध असतं. तरीही त्याच नावाची, त्याच रंगाच्या वेष्टनातली वस्तू एका देशात एक असते आणि दुसऱ्या देशात दुसरीच निघते.

ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत, त्या घरांत हा विषय नेहमीचा आहे. तिकडून आलेल्या बॅगेतलं चॉकलेट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं चॉकलेट, नाव तेच, पण चव वेगळी. मग कुणी म्हणतं, ‘तिकडचा माल तो तिकडचाच,’ आणि कुणी म्हणतं, ‘आपल्या गळ्यात मुद्दाम हलका माल मारतात.’ पहिल्या बोलण्यात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात संताप आहे. दोन्हींत मोजमाप नाही. मी हयातभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस आहे, म्हणून मोजमापापासून सुरुवात करणं मला गरजेचं वाटतं. फरक खरोखर असतो का? असला तर कशामुळे? त्यातला कोणता फरक रास्त आणि कोणता अन्याय्य? आणि त्यावर काय करता येईल? या क्रमानं मी बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वस्तूचा दर्जा कंपनीच्या भलेपणावर किंवा देशाच्या श्रीमंतीवर जितका अवलंबून असतो, त्याहून कितीतरी जास्त तो तिथला कायदा काय मागतो आणि तिथली प्रयोगशाळा काय तपासते यावर अवलंबून असतो. हे जितकं परदेशी कंपन्यांना लागू आहे, तितकंच आपल्यालाही लागू आहे.

सुरुवात युरोपपासून करतो, कारण या प्रश्नाचा सर्वांत नीट अभ्यास तिथं झाला. २००४ मध्ये झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंड हे देश युरोपीय संघात आले. काही वर्षांत सीमेवरची नाकीही उठली. ब्राटिस्लाव्हा हे स्लोव्हाकियाचं राजधानीचं शहर तर ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटूनच आहे. तिथले लोक सुट्टीच्या दिवशी गाडी काढून पलीकडे वाणसामान आणायला जाऊ लागले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की त्याच नावाचा पदार्थ पलीकडे अधिक चांगला मिळतो. कंपन्या म्हणायच्या, हा मनाचा खेळ आहे.

मग तपासण्या झाल्या. प्रागच्या रसायन आणि तंत्रज्ञान विद्यापीठानं २०१५ मध्ये झेक आणि जर्मन दुकानांतले एकाच नावाचे पदार्थ शेजारी शेजारी ठेवून तपासले. सुमारे एक तृतीयांश पदार्थांत ठळक फरक निघाला. एका डबाबंद मांसाच्या जर्मन डब्यात डुकराचं मांस होतं; त्याच नावाच्या झेक डब्यात यंत्रानं हाडांवरून खरवडून काढलेलं कोंबडीचं मांस होतं. कुठं चहाच्या पेयात चहाचा अर्क कमी होता, कुठं साखरेच्या जागी कृत्रिम गोडी होती. मनाचा खेळ म्हणून जे उडवून लावलं जात होतं, ते आकड्यांत उतरलं.

हा प्रश्न पुढे युरोपच्या सर्वोच्च व्यासपीठावर गेला. १३ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर यांनी आपल्या वार्षिक भाषणात फिश फिंगरचा उल्लेख केला. स्लोव्हाक माणसाच्या फिश फिंगरमध्ये मासा कमी, हंगेरियन माणसाच्या जेवणात मांस कमी आणि झेक माणसाच्या चॉकलेटमध्ये कोको कमी, हे आपण खपवून घेणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. समान नागरिकांच्या संघात दुय्यम ग्राहक असू शकत नाही, हे त्यांचं सूत्र होतं. एका खंडाच्या राजकीय भाषणात तळलेल्या माशाच्या तुकड्याला जागा मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समान नागरिकत्व संसदेत मिळतं तसं ते किराणा दुकानातही मिळालं पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती.

पण युरोपनं भाषणावर थांबणं पत्करलं नाही. आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्रानं १९ देशांतून १२८ खाद्यपदार्थांचे १,३८० नमुने गोळा केले. २०१९ च्या जूनमध्ये निष्कर्ष जाहीर झाले. ९ टक्के पदार्थांचा दर्शनी भाग सगळीकडे हुबेहूब सारखा होता, पण घटक वेगळे होते. आणखी २२ टक्के पदार्थांचा दर्शनी भाग मिळताजुळता होता आणि घटक वेगळे होते. म्हणजे तपासलेल्या पदार्थांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शात फरक होता. मात्र त्याच अहवालानं दुसरीही गोष्ट सांगितली. पश्चिमेला सगळा चांगला माल आणि पूर्वेला सगळा हलका, अशी सरळ विभागणी आढळली नाही. आणि घटक वेगळे म्हणजे दर्जा हलकाच, असंही त्या अहवालानं म्हटलं नाही. पूर्वेकडच्या लोकांच्या तक्रारीत तथ्य होतं आणि तिला मर्यादाही होत्या. मोजमापाचा हाच फायदा असतो. ते आपल्या बाजूनं बोलतं आणि आपल्या अतिशयोक्तीला लगामही घालतं.

याच २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघानं अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या आपल्या २००५ च्या निर्देशात दुरुस्ती केली. एक वस्तू दुसऱ्या सदस्य देशातल्या वस्तूसारखीच आहे असं भासवून विकली, आणि तिचे घटक किंवा गुणधर्म लक्षणीयरीत्या वेगळे असले, तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते. फरकाला रास्त आणि वस्तुनिष्ठ कारण असेल, तर ते कंपनीनं दाखवावं. २८ मे २०२२ पासून हे कलम लागू झालं. सगळीकडे एकच पाककृती वापरा, असं ते म्हणत नाही. एकच चेहरा दाखवून दोन वस्तू विकू नका, इतकंच ते सांगतं.

या तरतुदीची एक मर्यादा आपण ध्यानात घेतली पाहिजे. ती युरोपीय संघातल्या देशांपुरती आहे. ब्राटिस्लाव्हा आणि व्हिएन्ना यांच्यातला फरक तिच्या कक्षेत येतो. व्हिएन्ना आणि नागपूर यांच्यातला येत नाही. आपल्या वतीनं ती लढाई दुसरं कुणी लढणार नाही.

आता कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. त्या चार कारणं सांगतात: स्थानिक चव, स्थानिक कच्चा माल, हवामान आणि किंमत. पहिल्या तिन्हींत तथ्य आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून कोका-कोलात साखरेऐवजी मक्याचा पाक वापरला जातो, मेक्सिकोतल्या काचेच्या बाटलीत उसाची साखर असते. तिथं गंमत उलटी आहे: अमेरिकेतली माणसं जास्त पैसे मोजून मेक्सिकोची बाटली शोधतात. विदर्भातल्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर टिकायचं असेल तर चॉकलेटला थंड देशातल्या चॉकलेटपेक्षा वेगळी घडण लागणारच. बादलीत हातानं धुण्याच्या पावडरीचा फेस आणि मशीनसाठीच्या पावडरीचा फेस सारखा असून चालत नाही. पाणी जड असेल तर पावडरीचं सूत्र बदलावं लागतं. अशा फरकाला मी अन्याय म्हणणार नाही. आपल्याच राज्यात कोल्हापूरचा मसाला आणि नागपूरचा मसाला एक नसतो, आणि तो एक असावा असा आग्रहही कुणी धरत नाही.

म्हणून रास्त आणि अन्याय्य फरक वेगळे करण्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. फरक वापरणाऱ्याच्या गरजेतून आला आहे की विकणाऱ्याच्या बचतीतून? तो ग्राहकाला दिसेल अशा जागी सांगितला आहे का? आणि त्या फरकानं कुणाच्या जिवाला किंवा मुलाच्या वाढीला धोका होतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांकडे पाहण्याचंही कारण उरत नाही. चव देशागणिक बदलते. अपघातात छातीवर बसणारा आघात देशागणिक बदलत नाही.

इथं मी मोटारींकडे येतो, कारण या उदाहरणाचं एक टोक आपल्या दारात आहे.

पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तिथं पोलो ही गाडी बनू लागली. जर्मन नाव, जर्मन बांधणी, ही तिची ओळख. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय१० आणि फोक्सवॅगन पोलो. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं एका अडथळ्यावर अशी आदळवतात, की तिच्या दर्शनी भागाचा ४० टक्के हिस्सा धडकेत सापडतो. समोरून येणाऱ्या गाडीशी दर्शनी भागाच्या एका बाजूची ठोकर बसते, तसा तो आघात असतो. आत बसवलेल्या पुतळ्यांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर किती भार आला, ते यंत्रं नोंदवतात. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले.

पण पाचही गाड्यांचं शून्य एकसारखं नव्हतं. अल्टो, नॅनो आणि आय१० यांचा सांगाडाच धडकेत टिकला नाही. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला, त्यांत कमी होती ती एअरबॅगची. फोक्सवॅगननं एअरबॅग नसलेली पोलो विक्रीतून काढून घेतली, आणि एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. श्रोतेहो, या दोन निकालांमधलं अंतर पाहा. कारखाना तोच, कामगार तेच, पोलाद तेच. गाडी बनवण्याच्या ज्ञानात किंवा कौशल्यात काडीची कमतरता नव्हती. चाकणचा कामगार चार तारे मिळवणारी गाडी त्याच हातांनी बनवत होता. एअरबॅगशिवाय गाडी विकायला इथला कायदा मुभा देत होता, म्हणून ती तशी विकली जात होती.

हाच प्रकार उलट्या दिशेनंही दिसतो. भारतातच बनलेली मारुती सुझुकीची एस-प्रेसो २०२० मध्ये तपासली गेली, तेव्हा भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला शून्य तारे मिळाले. तिच्यात एअरबॅग फक्त चालकासमोर होती. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेसाठी भारतात बनवलेल्या एस-प्रेसोला तीन तारे मिळाले. तिच्यात पुढच्या दोन्ही आसनांसमोर एअरबॅग होत्या. समुद्र ओलांडणारी गाडी अधिक सुरक्षित आणि घरी राहणारी कमी सुरक्षित.

मेक्सिकोतल्या ग्राहकाच्या बाबतीत तर याचं फार भीषण प्रात्यक्षिक झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये निसानच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळवण्यात आल्या. दोन्ही मेक्सिकोत बनलेल्या. व्हर्सा ही अमेरिकेत विकली जाणारी, आणि त्सुरु ही मेक्सिकोच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं विकली गेलेली. व्हर्साच्या एअरबॅग उघडल्या, तिचा सांगाडा टिकला. त्सुरु चालकाच्या बाजूनं चिरडली गेली. तिच्यातला माणूस वाचणं कठीण होतं. चाचणीच्या तोंडावरच कंपनीनं त्सुरुचं उत्पादन २०१७ च्या मे महिन्यात थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाडी जुनी आहे हे सगळ्यांना माहीतच होतं. ते डोळ्यांनी दिसण्याची वेळ आली, तेव्हा ती बंद करण्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे पुढे काय झालं? २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलांना धडक-चाचणी सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ संपता संपता शेजारच्या आसनासमोरचीही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन-व्यवस्था सुरू झाली. आता शोरूममध्ये जाणारा माणूस ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ याच्या जोडीनं ‘तारे किती?’ असं विचारू लागला आहे. चांगले तारे मिळवलेल्या गाड्यांच्या जाहिराती तेच तारे पुढे करून होऊ लागल्या आहेत. ‘भारतीय ग्राहक सुरक्षिततेला पैसे देत नाही’ हे वाक्य पूर्वी फार वेळा ऐकू यायचं. ग्राहकाला दोन गाड्यांमधला फरक दाखवणारं मापच उपलब्ध नव्हतं, तेव्हा तो कशाला पैसे देणार होता?

ही लढाई संपलेली नाही. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा २०२२ च्या जानेवारीत निघाला, मग तो पुढे ढकलला गेला आणि अखेर सक्ती बाजूला पडली. याच काळात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे विचारलं होतं, की निर्यातीच्या गाड्यांत कंपन्या सहा एअरबॅग देतात, मग भारतातल्या स्वस्त गाडीत बसणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी आहे का. या प्रश्नाचा आशय मला आजच्या साऱ्या व्याख्यानाचा गाभा वाटतो.

मोटारीनंतर बाळाच्या वाटीकडे वळतो. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते. दुधावरचं मूल पहिल्यांदा अन्न चाखतं आणि तिथपासून त्याची चव घडू लागते. जे जिभेला लहानपणी लागतं, ते पुढे आयुष्यभर पुरतं. म्हणूनच या वयात वरून साखर घालू नये असा आरोग्यतज्ज्ञांचा आग्रह असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०२२ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या तयार अन्नात अशी साखर नसावी, अशी भूमिका मांडली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय ही स्विस संस्था आणि बालअन्नावर काम करणारं आंतरराष्ट्रीय जाळं इब्फान यांनी नेस्लेच्या उत्पादनांची तुलना प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या १५ प्रकारांत एका वेळच्या खाण्यात सरासरी सुमारे पावणेतीन ग्रॅम साखर वरून घातलेली आढळली. इथिओपियात हे प्रमाण पाच ग्रॅमच्या वर, थायलंडमध्ये सहा ग्रॅम. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या बाळासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच जातीच्या उत्पादनात अशी साखर नव्हती. कंपनीचं म्हणणं असं होतं, की आम्ही स्थानिक नियम पाळतो आणि गेल्या पाच वर्षांत भारतातल्या उत्पादनांतली साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे.

नियम पाळले जात होते, हे खरंच होतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शिशुआहाराविषयीचे नियम ठरावीक मर्यादेत अशी साखर घालू देतात. म्हणजे प्रश्न फक्त कंपनीचा राहत नाही, आपल्या नियमाचाही होतो. जर्मनीतल्या आईला जे नको होतं, ते नाशिकमधल्या आईला चालेल असं कुणी ठरवलं? कंपनीनं ठरवलं, आणि नियमानं ते चालवून घेतलं. आणि चर्चा होताच काय झालं तेही पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेस्ले इंडियानं जाहीर केलं, की सेरेलॅकच्या २१ प्रकारांपैकी १४ प्रकार शुद्ध साखरेशिवाय मिळतील. साखरेवाचून ते बनवता येत होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

तिसरं उदाहरण जुनं आहे, पण महाराष्ट्राच्या एका नेत्याशी जोडलेलं असल्यानं आवर्जून सांगतो. ५ ऑगस्ट २००३ रोजी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं शीतपेयांच्या १२ ब्रँडांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं: लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस. त्याच कंपन्यांची अमेरिकेत घेतलेली पेयं तपासली, तर त्यांत हे अंश आढळले नाहीत. देशभर खळबळ उडाली. सरकारी प्रयोगशाळांचे आकडे वेगळे आले आणि वाद पेटला. अखेर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या तिच्या अहवालानं संस्थेचे निष्कर्ष मूलतः ग्राह्य धरले आणि शीतपेयांसाठी कडक मानकं ठरवण्याची गरज मांडली.

या प्रकरणात एक कार्यकारणसाखळी आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. शीतपेयात बहुतांश पाणीच असतं. बाटल्या भरणारे कारखाने भूजल उपसतात. शेतात आणि डासनिर्मूलनासाठी फवारलेली औषधं वर्षानुवर्षं जमिनीत मुरून त्या भूजलात उतरतात. ते पाणी किती शुद्ध करायचं, हे तयार पेयासाठीच्या मानकावर ठरतं, आणि त्या वेळी तयार पेयातल्या कीटकनाशकांसाठी आपल्याकडे तसं मानकच नव्हतं. म्हणजे बाटलीतला दोष कंपनीच्या दारात जितका होता, तितकाच आपल्या शेतात, आपल्या पाण्यात आणि आपल्या नियमपुस्तकात होता.

इथपर्यंत मी परदेशी नावांबद्दल बोललो. आता आपल्या स्वतःच्या अंगणात यावं लागेल.

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात ‘एक्स्पोर्टचा माल’ आणि ‘लोकलचा माल’ हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. युरोपात द्राक्षं पाठवायची तर बाग अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदवावी लागते. २००६ पासून ही व्यवस्था आहे. कोणत्या प्लॉटचा माल, कोणती फवारणी केव्हा झाली, काढणीपूर्वीचे दिवस पाळले का, याची नोंद राहते. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या उर्वरित अंश तपासणीचं नियंत्रण करतं. अंश मर्यादेत असले तरच कंटेनर भरला जातो. हे काम कष्टाचं, खर्चाचं आणि जोखमीचं आहे, आणि आपल्या शेतकऱ्यांनी ते यशस्वी करून दाखवलं आहे. त्याचा मला अभिमान आहे.

ही शिस्त फुकट आली नाही. २०१० च्या हंगामात युरोपच्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची पानांची वाढ आवरून घड धरावेत म्हणून शेतकरी ते वापरत होते. ‘सीसीसी’ म्हणून ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. माल अडकला, भाव कोसळले, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. त्यानंतर ते यादीत आलं आणि बागायतदारांनी वापर बदलला. पूर्वीही शेतकऱ्याचा हेतू वाईट नव्हता. यादीत जे नाही ते कुणी शोधत नाही आणि जे कुणी शोधत नाही ते कुणी टाळत नाही.

आता मला सांगा, त्याच शेतकऱ्याचा जो माल लोकलला जातो, जो वाशीच्या बाजारातून तुमच्या-माझ्या घरी येतो, त्याच्या प्रत्येक प्लॉटची अशी तपासणी होते का? होत नाही. अधूनमधून नमुने घेतले जातात, पण निर्यातीसाठी असते तशी माल निघण्याआधीची, प्लॉटनिहाय सक्तीची तपासणी घरच्या बाजाराला नाही. रॉटरडॅमच्या मुलाच्या ताटातली द्राक्षं तपासून जातात, आणि परभणीच्या मुलाच्या ताटातली न तपासता येतात. हे बहुराष्ट्रीय कंपनीनं केलेलं नाही. हे आपणच मान्य केलं आहे. म्हणून परदेशी कंपनीकडे बोट दाखवताना मला आधी हे बोलून टाकणं आवश्यक वाटलं. आपण निर्यातीचा आणि घरचा असे दोन दर्जे स्वीकारले असतील, तर दुसऱ्यानंही तेच केल्यावर आपल्या तक्रारीत बळ राहत नाही.

इथं किमतीचा आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते. दर्जा चढवला तर वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर जाईल, असं म्हटलं जातं. मी या आक्षेपाचे दोन भाग करतो. चव, सुबकपणा, टिकाऊपणा यांत स्वस्त आणि महाग असे प्रकार असायला हरकत नाही. पण ते वेगळे आहेत हे नावावरून, वेष्टनावरून कळलं पाहिजे. स्वस्त प्रकाराला महाग प्रकाराचं नाव आणि रूप देणं म्हणजे ग्राहकाच्या विश्वासातून नफा काढणं. दुसरा भाग जीव आणि आरोग्याचा. तिथं तळाची एक रेषा असावी लागते, आणि ती श्रीमंत-गरीब सर्वांसाठी एकच असावी लागते. वीज, लिफ्ट, गॅस सिलिंडर यांच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केलं आहे. स्वस्त सिलिंडर थोडा गळका असला तर चालेल, असं कुणी म्हणत नाही.

मग करायचं काय? मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली कायद्याची. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा किंवा घटक याबद्दल खोटं भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो, आणि २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर कारवाईचे अधिकार आहेत. त्यात एक नेमकं कलम घालायला हवं: एकाच नावानं आणि एकाच रूपात परदेशात विकली जाणारी वस्तू इथं लक्षणीयरीत्या वेगळ्या घटकांची असेल, तर ते वेष्टनाच्या दर्शनी भागावर, ग्राहकाच्या भाषेत सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात ती भाषा मराठी आहे.

दुसरी गोष्ट मानकांची. शिशुआहार, औषधं आणि वाहनसुरक्षा या तीन क्षेत्रांत, जगात जिथं सर्वांत कडक नियम आहे तो आपल्याकडे का नसावा, याचं उत्तर नियम करणाऱ्यानं लेखी द्यावं. कमी कडक नियम हवा असेल तर कारण सांगावं लागेल, अशी रीत पडली की पुष्कळ गोष्टी सुधारतील.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची. जर्मनीच्या संसदेनं १९६४ मध्ये श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था उभारली. ती बाजारातून वस्तू विकत आणते, तुलना करते आणि निकाल लोकांपुढे ठेवते. ब्रिटनमध्ये ‘विच?’ नियतकालिक १९५७ पासून हेच करतं आहे. आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. मुंबईत १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली आणि बाजारातला माल तपासायला घेतला. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि ग्राहकाच्या संघटित ताकदीचा विचार गावोगाव नेला. या पायावर आता तुलनात्मक चाचणीची एक मोठी, स्वायत्त व्यवस्था उभी राहायला हवी. आपल्या विद्यापीठांच्या अन्नतंत्र विभागांत यंत्रं आहेत, विद्यार्थी आहेत. परदेशी असलेल्या मराठी माणसांनी तिथून त्याच नावाच्या वस्तू पाठवाव्यात, इथल्या विद्यार्थ्यांनी त्या शेजारी ठेवून तपासाव्यात आणि निकाल प्रसिद्ध करावेत. आज ज्या बॅगेतून चॉकलेट येतं, तिच्यातून उद्या नमुने येऊ शकतात.

चौथी गोष्ट आपल्या बागेची. निर्यातीच्या द्राक्षांसाठी जी नोंद आणि जी तपासणी आपण उभी केली, ती टप्प्याटप्प्यानं घरच्या बाजारासाठीही आणली पाहिजे. शेतकऱ्यावर तिचा खर्च टाकून चालणार नाही. बाजार समित्यांमध्ये सार्वजनिक खर्चानं प्रयोगशाळा हव्यात, आणि तपासलेल्या मालाला भावात फरक मिळायला हवा. ज्यानं युरोपची परीक्षा उत्तीर्ण केली, त्या शेतकऱ्याला परभणीची परीक्षा अवघड जाणार नाही. ती घेणारं कुणीतरी हवं.

श्रोतेहो, युरोपमध्ये हा प्रश्न सामान्य गिऱ्हाइकांनी उचलला. सीमेपलीकडून पिशवी भरून आणणाऱ्या माणसांनी दोन डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि आपल्या प्रतिनिधींना जाब विचारला. प्रतिनिधींनी विद्यापीठाकडे नमुने नेले, विद्यापीठानं आकडे दिले, आणि आकड्यांतून कायदा झाला. या वाटेतला प्रत्येक टप्पा आपल्याला शक्य आहे. गाड्यांच्या बाबतीत आपण ही वाट अर्धी चाललोही आहोत, आणि त्याचं फळ म्हणून आज अनेक घरांतली माणसं अपघातातून वाचून घरी परतत आहेत. बाळाच्या वाटीत, शीतपेयाच्या बाटलीत आणि द्राक्षाच्या पेटीतही आपल्याला तीच वाट चालायची आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते दुकानदारापुढे काटा तपासायला उभे राहत. आज तपासण्याची जागा वेष्टनामागच्या मजकुरात, प्रयोगशाळेच्या अहवालात आणि नियमांच्या मसुद्यांत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरण, रस्ते वाहतूक मंत्रालय यांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी जाहीर होतात, तेव्हा उद्योगांची निवेदनं जातात. ग्राहकांचीही गेली पाहिजेत. इथं बसलेल्या प्रत्येकानं वर्षाकाठी एका मसुद्यावर जरी आपलं म्हणणं लेखी पाठवलं, तरी या व्याख्यानमालेचा हेतू सफल होईल.